भालेवाला सरदार आणि एक अख्खी सुपारी

१. खळग्यातली सुपारी

नाचणगावच्या पुंडलिकराव झाड्यांच्या बैठकीतून एक सरदार नाहीसा झाला, तेव्हा त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. पुलगावहून मोहिनीताई उमाट्यांना बोलावलं. मोहिनीताईंचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि झाड्यांची सून त्यांनीच सुचवलेली होती. माल खराब निघाला की आधी दुकानदाराला दाखवायचा, एवढा व्यवहार पुंडलिकरावांना बियाणं आणि फवारणीचे पंप विकून कळत होता.

नाहीसा झालेला सरदार चांदीचा होता. दूरदेशीच्या कुठल्याशा टांकसाळीनं चिलखत घालून घोड्यावर हिंडणाऱ्या जुन्या काळच्या वीरांच्या दंतकथांवर सहा नाण्यांचा संच काढला होता. बाजारात न चालणारी, नुसती पाहायची नाणी. एकावर दगडात रुतलेली तलवार, दुसऱ्यावर गोल टेबल आणि त्याभोवती उपाशी बसलेले सरदार, तिसऱ्यावर तळ्यातून निघालेला बाईचा हात. चौथ्यावर एक सरदार बाईपुढे गुडघा टेकून बसलेला, पाचव्यावर सगळे मिळून एक पेला शोधत निघालेले. सहाव्यावर घोडेस्वारानं पंखवाल्या अजगरासारख्या जनावराच्या नरड्यात भाला खुपसलेला. पुंडलिकराव त्याला लाडानं 'भालेवाला' म्हणत.

संच काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर होता. पाच खळग्यांत पाच नाणी होती. सहाव्या खळग्यात एक अख्खी सुपारी होती.

"काल राती होता," पुंडलिकराव म्हणाले. "आज दुपारी जेवून उठलो, पाह्यतो तं हे."

"चोरानं धमकी देल्ली आहे," त्यांचा मुलगा निकेश म्हणाला. "सिनेमात सुपारी देतात ना, तसं."

"सिनेमात पैसे देतात रे बापा," मोहिनीताई म्हणाल्या. "खरी सुपारी देनारा गुंडा मी अजून पाह्यला नाई. कुलूप?"

"जसंच्या तसं. किल्ली देवघरात राह्यते, गनपतीच्या मागं. हे फक्त सुनेले माईत."

"अन् तुम्हाले?"

"मले तं राहीनच."

"निकेशले?"

"त्याले बी."

"अनुसयावहिनीले?"

"देवघरच तिचं आहे, तिले काय माईत नसन. पन ते सकाळच्या बसनं समुद्रपूरले गेली, भावाकडं. उद्या पंचमी आहे ना."

झाड्यांच्या 'फक्त'मध्ये सगळं घर मावत होतं. मोहिनीताईंनी वर पाहिलं. कपाटाच्या वर, भिंतीवर सोनेरी चौकटीत सरदारांची शपथ लावलेली होती. नाण्यांबरोबर आलेल्या कागदाचा मराठी अनुवाद. दुबळ्याची पाठराखण करीन. पुराव्यावाचून कुणावर आळ घेणार नाही. स्त्रीचा मान राखीन. पुंडलिकराव रोज अंघोळ करून आल्यावर ती मोठ्यानं वाचत.

"वहिनीले फोन केला?"

"तीनदा केला. सगळं बरं आहे म्हनून सांगतलं. बीपी आहे तिले. हे ऐकून वाढलं म्हंजे?" त्यांनी आवाज उतरवला. "अन् नाई वाढलं, अन् 'बरं झालं गेलं ते' म्हनली म्हंजे?"

दुसरी भीती खरी होती, हे मोहिनीताईंनी ओळखलं.

"हे पाहा मोहिनीबाई, उद्या वर्ध्याले संग्राहकांचं प्रदर्शन आहे. माहा संच फुटला. मी नत्थूजीले फोन केला आहे. उद्या सकाळी या अन् तुमची पोरगी घेऊन जा, म्हटलं. तुम्ही हमी दिलती तिची."

मोहिनीताईंनी आजवर पुष्कळ लग्नं जुळवली होती. जुळवलेलं लग्न एका सुपारीवर मोडलेलं त्यांच्या धंद्यात बसणारं नव्हतं.

"उद्या सकाळ अजून यायची आहे," त्या म्हणाल्या. "आधी चहा सांगा."

२. बुक्कीनं फोडलेला कांदा

चहा ही मोहिनीताईंची तपासणीची जागा. पगार किती, वय किती, आधीचं लग्न का मोडलं, हे सगळं त्यांनी चहाच्या कपाआडूनच काढलेलं होतं. पण झाड्यांची सून अपेक्षा बाहेर आली नाही. त्या स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या.

अपेक्षा खाली बसून कांद्यावर बुक्की मारत होती. कांदा फुटला. शेजारी परातीत हातानं मोडलेली भेंडी होती आणि शेगडीवर खिचडी.

"मारून राह्यली कोनाले अन् लागून राह्यलं कांद्याले," मोहिनीताई म्हणाल्या.

ती हसली नाही. तिचा उपास होता, भावाचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"ताई, मी नाई घेतलं."

"मी विचारलं का?"

"तुम्ही सोडून समद्यायनं विचारलं. मामाजीनं विचारलं, त्यायच्या मित्रानं फोनवरून विचारलं. हे तं काई विचारतबी नाईत, भिंतीकडं पाह्यतात." हे म्हणजे निकेश. "उद्या बाबा येतीन. बाबा कोनाशी भांडनार नाईत. चपला न काढता दाराशी उभे राह्यतीन, माही ब्याग हाती घेतीन अन् चाल म्हनतीन. मंग गावात मी जलमभर चोट्टी."

मोहिनीताई तिच्याजवळ पाटावर टेकल्या. नत्थूजी कसे उभे राहतील ते त्यांना स्पष्ट दिसलं. लग्नातही तो माणूस जेवायला बसताना सगळ्यांना विचारून बसला होता.

"कांदा असा काऊन फोडून राह्यली? गरम डोक्यानं?"

"विळी सापडून नाई राह्यली. चाकूबी नाई."

"अन् पोळ्या?"

"तवाबी नाई. सकाळी सासूबाई समद्यायच्या पोळ्या करून गेल्या, मंग तवा कोनाले देल्ला असन. बाजूच्या प्रभाकररावायकडं पाव्हने आहेत. म्हनून खिचडी टाकली."

"विचारलं का प्रभाकररावायकडं?"

"ताई, आज मी कोन्या तोंडानं कोनाकडं काई विचारू?"

मोहिनीताईंनी मान डोलावली. अंगणात निकेश मोटारसायकल पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती. त्याच्या एका गालावर दाढी होती आणि दुसऱ्यावर नव्हती.

"हे कोनती फ्याशन?"

"अर्धी सकाळी झालती, बसवर आईले सोडायले निघालो. परत येऊन पाह्यलं तं रेझर नाई. बाबाचंबी नाई."

"बायको खरी वाटते का तुले?"

"वाटते ना."

"मंग बोलला का बापापुढं?"

"बाबापुढं काय बोलू, ताई?"

"अर्ध्या दाढीचा मानूस अर्धंच बोलनार," मोहिनीताई म्हणाल्या आणि बैठकीत परतल्या.

पुंडलिकराव येरझाऱ्या घालत होते. तोंड चालू होतं, पण तोंडात काही नव्हतं. सुपारी खाणाऱ्या माणसाला सुपारी मिळाली नाही की तो जसा दिसतो तसे ते दिसत होते.

"खाऊन घ्या की एक खांड, डोकं थंड होईन," मोहिनीताई म्हणाल्या.

"अडकित्ता कुठी आहे? डब्यात सुपाऱ्या आहेत, फोडायची कायनं? दात का माहे विशीतले आहेत?"

मोहिनीताईंनी कप खाली ठेवला. या घरात कुणीतरी खोटं बोलत असावं, अशा हिशेबानं त्या आल्या होत्या. इथं तर अजून एकही खोटं सापडलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना काळजी वाटू लागली.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली आणि ती उणीव भरून निघाली.

३. खोबरं वेचणारा माणूस

आलेला माणूस रजत चौधरी. पिपरी मेघेला शिकवणी वर्ग चालवायचा आणि पुंडलिकरावांसारखाच हाच संच जमवायचा. शपथेचा अनुवाद त्यानंच करून दिला होता. त्याच्या संचात पाच नाणी होती. त्याला न मिळालेलं सहावं नाणं कोणतं, ते सांगायला नको.

"काका, ऐकून मले झोपच येनार नाही," तो संध्याकाळी पाच वाजता म्हणाला. "मी पाच नाणीवाला, आता तुम्हीबी पाच नाणीवाले. उद्या आपले दोन्ही संच सारखेच."

हे सांत्वन होतं की आनंद, ते ठरवणं अवघड होतं. अपेक्षानं चिवड्याची बशी ठेवली आणि खाली मान घालून आत गेली.

"शेवटचं कधी आलते इकडं?" मोहिनीताईंनी विचारलं.

"आठवडा झाला असन. वेळ कुठं आहे, ताई. परीक्षा आहेत पोरांच्या."

"हो ना. लग्नाचं पाह्यता का कुठं?"

"पाह्यतो आहे."

"मुलीले सांगून ठेवतो मंग. मुलाले चिवड्यातलं खोबरं चालत नाही."

रजतनं बशीकडं पाहिलं. खोबऱ्याचे काप त्यानं एकेक वेचून बशीच्या कडेला ओळीनं मांडले होते.

"अंगनात तुळशीपाशी मुंग्या लागल्या आहेत," मोहिनीताई शांतपणे म्हणाल्या. "पोट्टीनं कालची बशी तिथंच झटकली असन. अशेच काप पडले आहेत, अख्खे अन् साफ. या घरात खोबरं टाकनारं कोनी नाई, मी लग्नाआधी समद्यायच्या आवडी विचारल्या आहेत."

रजतचा चेहरा पडला. पुंडलिकराव उभे राहिले.

"काल आलता तू? मी दुकानात असताना?"

"काका, मी कपाटाले हातबी लावला नाही. काचेतून फोटो काढला फक्त. आमच्या चारशे लोकांच्या ग्रुपवर टाकला. माझा संच पूर्ण झाला म्हणून." तो फरशीकडं बघत होता. "खूप अभिनंदन आलं."

"पकडला," पुंडलिकराव म्हणाले. "हाच तो."

"बसा भाऊ," मोहिनीताई म्हणाल्या. "यानं तुम्ही दुकानात असताना फोटो काढला. तुम्ही म्हनता, राती नानं जागेवर होतं. अन् ज्याले चोरायचं आहे तो आदल्या दिवशी चारशे लोकायले त्याचा फोटो कशाले दाखवीन? हा चोर नाई. हा नुसता नवरदेव आहे. फोटो एकाचा, बायोडाटा दुसऱ्याचा. असे मले रोज भेटतात."

रजतनं कृतज्ञतेनं खोबऱ्याचा एक काप खाल्ला.

पण आता संशयित उरला नव्हता. म्हणजे पुंडलिकरावांच्या हिशेबानं एकच उरली होती. ते स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहू लागले. उजेड उतरत चालला होता. मोहिनीताई उठायला गेल्या, आणि त्यांच्या पिशवीचा पट्टा खुर्चीत अडकून टर्रकन उसवला.

"अपेक्षा, सुईदोरा आन वं."

अपेक्षानं शिवणाचा डबा आणला. दोऱ्याच्या रिळी होत्या, बटणं होती, हुक होते. सुई एकही नव्हती. कात्रीही नव्हती.

मोहिनीताईंनी रिळी बाजूला सारून डब्याचा तळ पाहिला. मग हसल्या, आणि पिशवी तशीच फाटकी खांद्यावर टाकली.

४. न मोजलेली चोरी

"समदे बसा," त्या म्हणाल्या. "निकेश, तूबी. भिंत पळून नाई जात."

सगळे बसले. अपेक्षा दारात उभी राहिली.

"या घरातून एक वस्तू नाई गेली. विळी गेली, चाकू गेला, कात्री गेली, सुया गेल्या. दोन रेझर गेले. अडकित्ता गेला. तवा गेला. ज्याची वस्तू त्यानं आपापली शोधली अन् चूप बसला. नान्याचं कौतुक होतं म्हनून बोंब फक्त नान्याची झाली. आता मले सांगा, सुई, अडकित्ता अन् रेझर एकाच दिवशी घेऊन जानारा चोर कोन?"

"वेडा असन," पुंडलिकराव म्हणाले.

"उद्या काय आहे?"

"प्रदर्शन."

"तुमचं प्रदर्शन. बाकीच्या गावाची नागपंचमी आहे. उद्या कोनी चिरत नाई, कापत नाई, टोचत नाई. तवा चुलीवर चढत नाई. नागाले लागन म्हनून. आता त्या सहा नान्यायपैकी ज्यावर सरपटनारं जनावर आहे, अन् त्याच्या नरड्यात भाला आहे, थे कोनतं?"

रजतनं चष्मा काढून पुसला.

"अन् सुपारी? देवघरातला देव उचलला की आपन त्याच्या जागी काय ठेवतो? जागा रिकामी ठेवत नाई. चोर आपल्यामागं सुपारी ठेवत नाई, भाऊ. ज्या मानसाले थे नानं परत आनून ठेवायचं आहे, तोच ठेवतो."

पुंडलिकरावांचं चालणारं तोंड थांबलं.

"अनुसया?" ते म्हणाले.

"एकच मानूस होतं ज्याले समदं माईत होतं. अन् तुम्ही त्याचंच बीपी सांभाळत बसले. तीनदा फोन केला, अन् तीनदा सगळं बरं आहे म्हटलं."

"पन मंग तिनं सांगतलं काऊन नाई?"

"ते मी विचारतो. तुम्ही कोनी बोलू नका. नान्याचं नाव घेनार नाई मी, भिऊ नका."

त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्टुलावर ठेवला. समुद्रपूरला मागे टीव्ही चालू होता.

"वहिनी, मोहिनी बोलून राह्यली. तुमच्या घरी आलती, पिशवी उसवली माही. सुई कुठी आहे वो?"

"आता शिवू नोको, संध्याकाळ झाली," अनुसयाबाईंचा ठणठणीत आवाज आला. "समदं धारेचं मी माळ्यावरच्या मोठ्या गंजात ठेवलं आहे, लग्नाचा भात शिजवतो त्या. म्या म्हटलं, मी घरी नाई, नव्या पोरीच्या हातून चुकून काई चिरल्या गेलं तं बोल तिलेच लागन. तवाबी त्यातच आहे. अन् यायचा तो भालेवालाबी त्यातच टाकला."

अपेक्षानं दाराची चौकट धरली.

"तो काऊन वो टाकला?" मोहिनीताईंनी भोळेपणानं विचारलं.

"मंग काय? पंचमीच्या दिवशी घरात नागाले भोसकून राह्यला तो. वर्षभर भोसक म्हना, उद्या नाई."

"बाकीच्यायपाशीबी तलवार आहे की."

"दगडात फसली आहे ते. निंघतच नाई, तिचा काय धोका. मी निरखून पाह्यलं एकेक."

"भाऊले सांगतलं नाई का?"

"सांगतलं ना. निंघताना दोनदा सांगतलं. पेपरात मुंडकं होतं, हूं म्हनले."

पुंडलिकराव भिंतीकडं पाहू लागले. निकेशची ती सवय कुठून आली होती, ते आता सगळ्यांना कळलं.

५. चौथं नाणं

निकेश माळ्यावर चढला. गंज खाली आला. त्यात तव्यावर विळी, चाकू, दोन रेझर, अडकित्ता, कात्री, सुयांची पुडी, आणि एका खणाच्या चिंधीत गुंडाळलेला, कपाळी हळदीचं बोट लागलेला सहावा सरदार.

पुंडलिकरावांनी हात घातला.

"हात नोका लावू," स्टूल म्हणालं. फोन चालूच होता. "भांडं वाजलं, मले ऐकू आलं. उद्याची पंचमी झाल्याबिगर कोनी त्यातलं काई काढलं, तं मी समुद्रपूरलेच राह्यतो."

फोन बंद झाला. पुंडलिकरावांनी हात काढला. मग सावकाश वळून त्यांनी सुनेकडं पाहिलं. ती रडत नव्हती. दिवसभरात पहिल्यांदा ती ताठ उभी होती, आणि ते बघणं त्यांना जड गेलं.

"शपथ वाचा भाऊ," मोहिनीताई म्हणाल्या. "मले चष्म्याबिगर दिसत नाई."

पुंडलिकरावांनी वाचली नाही. ती त्यांना पाठ होती. ते पुढे झाले, खुर्चीचा हात धरला आणि चौथ्या नाण्यावरच्या सरदारासारखा एक गुडघा फरशीला टेकला. टेकताना गुडघा वाजला.

"अपेक्षा, माहं चुकलं. मी तुह्या बापालेबी बोललो."

"मामाजी, उठा."

"माफ कर आधी."

"केलं. उठा."

"उठता नाई येऊन राह्यलं, पोरी," पुंडलिकराव म्हणाले. "फसलो."

तिनं हात दिला. दुसऱ्या बाजूनं निकेशनं धरलं, आणि धरल्या धरल्या पहिल्यांदाच बापाकडं सरळ पाहून म्हणाला, "बाबा, असं पुन्हा तिले कोनी बोलायचं नाई." या वेळी वाक्य पूर्ण झालं. मोहिनीताईंनी मनात त्याची उरलेली दाढी माफ केली.

"पन प्रदर्शनाचं काय?" पुंडलिकराव खुर्चीत बसल्यावर म्हणाले. "सहावा खळगा रिकामा."

"रिकामा कुठी आहे?" अपेक्षा म्हणाली.

सकाळी नत्थूजी आले. चपला न काढता दाराशी उभे राहिले, अगदी तिनं सांगितलं होतं तसे. दारातच पुंडलिकरावांनी हात जोडले. नत्थूजींना काय झालं ते नीट कळण्याआधीच ते निकेशच्या मागे मोटारसायकलवर बसून वर्ध्याकडे निघाले होते.

प्रदर्शनात पुष्कळ नाणी होती. लोक बघत आणि पुढे सरकत. एका टेबलापाशी मात्र रांग हलेना. निळ्या मखमलीवर पाच सरदार, सहाव्या खळग्यात एक अख्खी सुपारी, आणि खाली अपेक्षाच्या हातची चिठ्ठी होती: 'आज नागपंचमी. भालेवाले सरदार आज रजेवर आहेत.'

लोक हसत, मग विचारत. मोहिनीताईंनी घातलेली अट अशी होती की विचारणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकिकत पुंडलिकरावांनीच सांगायची, आळ कुणी घेतला तेही सांगायचं. सुरुवातीला ते खाली मान घालून सांगत. दुपारपर्यंत त्यांना रंग चढला आणि गुडघ्याचा प्रसंग ते करूनही दाखवू लागले. अपेक्षा सरदारांच्या दंतकथा सांगत होती. नत्थूजी मागच्या खुर्चीत चपला काढून बसले होते आणि येईल त्याला सांगत होते, "हे माही पोरगी."

निकाल लागायच्या आधी रजतच्या टेबलावरचीही गर्दी थोडी वाढली. त्याच्या सहाव्या खळग्यात सकाळपर्यंत काहीच नव्हतं. आता तिथं सुपारी होती. मोहिनीताई जाऊन बघून आल्या. ती फोडलेली होती, देवाच्या जागी न चालणारी.

पहिलं बक्षीस झाड्यांच्या संचाला मिळालं. परीक्षकांनी नाव पुकारलं आणि पुंडलिकरावांनी अपेक्षाला पुढं केलं. बक्षीस म्हणजे एक चकचकीत पेला होता, दोन कानांचा. पाचव्या नाण्यावरचे सरदार जन्मभर ज्याच्यामागं हिंडले, तो पेला झाड्यांची सून वर्ध्याच्या सभागृहातून दोन्ही हातांत धरून घेऊन आली, आणि टाळ्या अशा वाजल्या की नत्थूजी उभे राहिले आणि बसायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई समुद्रपूरहून परतल्या. घरात सगळ्यांच्या दाढ्या झाल्या होत्या, पोळ्यांचा वास होता, सहावा सरदार मखमलीवर बसून जनावराला पूर्ववत भोसकत होता. कपाटाच्या मधोमध पेला होता. चोरी, आळ, गुडघा, बक्षीस, सगळं त्यांनी उभ्यानं ऐकून घेतलं. बीपी वाढलं नाही. नवऱ्याकडं त्यांनी फक्त एकदा पाहिलं आणि त्यांनी पेपर खाली ठेवला.

मग त्यांनी पेला हातात घेतला, त्याच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं, आणि तो सुनेच्या हातात परत दिला.

"धार नाई," त्या म्हणाल्या. "राहू दे."